पेरणीची एकच तारीख

सून बाजेवर मांडी घालून बसली होती. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी. मी उंबऱ्याशी बसून तूर निवडत होते. ती एकदम म्हणाली, "आई, एकही चूक निघाली नाही. एकसुद्धा नाही!"

मला इतका आनंद झाला की सूप तसंच ठेवून मी उठले आणि भज्यांचं पीठ भिजवलं. या आनंदाचं कारण आधी लिहायला हवं, नाहीतर भजी कशाची ते मलाच पुढे आठवणार नाही.

माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. सूनसुद्धा तिकडे कॉम्प्युटरचं काम करायची. तिची आई लवकर गेली, म्हणून बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. आमचं गाव जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या बाजूला. मुलगा म्हणाला होता, पोर मान धरायला लागलं की घेऊन जातो. पण पोर रांगायला लागलं तरी ती राहिली, कारण खामगावच्या एका लहानशा ऑफिसातून तिला घरी बसून करायचं काम मिळालं.

ते ऑफिस कापूस घेणाऱ्या एका मोठ्या व्यापाऱ्यासाठी गावोगावची माहिती जमवत होतं. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता बोंडअळी संपली. पुढे गुलाबी अळी आली आणि तिने बीटीच्याच बोंडात घर केलं. तेव्हापासून लोक फवारणीवर फवारणी करत होते आणि हातात किडका, डाग पडलेला कवडी कापूस येत होता. त्या व्यापाऱ्याला कमी फवारणीचा कापूस हवा होता, आणि तो कोणत्या वावरातून आला, कधी पेरला, काय मारलं, हे सगळं कॉम्प्युटरच्या फाइलीत हवं होतं. आमच्या गावाची फाइल त्याच्याकडे पास झाली तर अख्ख्या तालुक्याचं काम सुनेला मिळणार होतं. नाही झाली तर दिवाळीनंतर ती पुण्याला जाणार होती.

मला ती राहायला हवी होती. हे मी तिला कधी बोलले नाही. मला असं काही बोलता येत नाही. चौथीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि घरात बोलण्याचं काम सासूबाईंकडे होतं. त्या गेल्या तेव्हा ते काम माझ्याकडे यायला हवं होतं, पण तोवर माझी सवय मोडली होती. आमच्या घरचे, म्हणजे सुनेचे सासरे, बोलतात ते बैलांशी, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याशी. सून आल्यापासून दुपारच्या वेळी घरात कोणीतरी मला काहीतरी विचारायचं आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबायचं. मला त्याची गोडी लागली होती.

माहिती जमवायला आधी खामगावहून एक माणूस आला होता. बायकांनी त्याला पाणी दिलं आणि "मालक वावरात हायेत" एवढंच सांगून परत पाठवलं. मग सून म्हणाली, "आई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच जा ना." मी नको नको म्हणाले. पण ती नुसती बघत राहिली, आणि मी गेले.

पहिल्याच घरी माझी चुलत जाऊ. ती दारातच म्हणाली, "काऊन व, तू सर्वे करून राह्यली का? तुले तं बोलताबी येत नाही!"

"मले काय बोलाचं हाय? तूच बोल. मी लिहिते," मी म्हणाले.

"मंग बस. लिही. पण चाय माह्या हातचा घ्या लागीन."

कोणतं बी, किती वावर, किती फवारण्या, हे बायकांनी पटापट सांगितलं. पेरणी कधी, असं विचारलं की मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच. "पह्यली का दुसरी?"

त्या वर्षी मृगात पाऊस चांगला आला. गावात एकही बाई घरी नव्हती. सगळ्या वावरात वाकून सरकी टोबत होत्या, काडीने खळगा करायचा, बी टाकायचं, पायाने माती लोटायची. मग पाऊस गेला तो गेलाच. कोंब वर आले आणि उन्हाने करपून काळे झाले. आर्द्रा निघाली, पुनर्वसू लागलं, तेव्हा पुन्हा पाऊस आला आणि सगळ्यांनी पुन्हा टोबलं. दुसऱ्या खेपेला दुकानात जे पाकीट मिळालं ते घेतलं. कोणाकडे पहिल्या पेरणीचे काही तास, म्हणजे ओळी, वाचले होते, तिथे मधल्या रिकाम्या जागी बी टाकून नुसत्या नांग्या भरल्या. मी दोन्ही पेरण्या लिहिल्या. बायकांनी सांगितलं तसंच लिहिलं, "मृगाच्या आखरीले", "आर्द्रा निघता निघता", "आठवडी बाजाराच्या दुसऱ्या रोजी". सून कालनिर्णय घेऊन बसायची आणि मी तिला सांगायची की मृग कधी लागलं, तो बाजार कोणता. त्यातून ती इंग्रजी तारीख काढायची.

फाइल काय असते हे तिनेच मला समजावलं. त्याला ती एक्सएमएल म्हणायची. प्रत्येक गोष्टीला आधी एक उघडायची खूण आणि शेवटी एक मिटायची खूण. गावाच्या आत घर, घराच्या आत वावर, वावराच्या आत पेरणी, फवारणी, झाली की वेचणी. डब्यात डबा ठेवतात तसं. आतला डबा मिटल्याशिवाय बाहेरचा मिटायचा नाही. आणि कोणत्या डब्यात काय ठेवायचं, कोणत्या क्रमाने, किती वेळा, हे व्यापाऱ्याकडून वेगळं लिहून आलेलं असतं. त्याला स्कीमा म्हणतात. ते दोन्ही जुळतं की नाही हे बघायला पार्सर म्हणून एक वाचणारा प्रोग्रॅम. तो तिने स्वतः लिहिला नव्हता. असे वाचणारे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले असतात, त्यांची लायब्ररी असते. आपण तो आपल्या प्रोग्रॅममध्ये बोलावून घ्यायचा आणि सांगायचं, ही फाइल, हा स्कीमा, आता बघ.

तर त्या दिवशी त्या वाचणाऱ्याने सांगितलं, एकही चूक नाही. म्हणून भजी. आमच्या घरच्यांनी चार खाल्ली आणि विचारलं, "आज काय हाय?" मी म्हटलं, "फाइल." ते म्हणाले, "बरं," आणि आणखी दोन घेतली. सुनेने फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळी फाइल परत आली. एखादं घर, एखादं वावर नाही. सगळी.

सून दिवसभर त्या लॅपटॉपशी भांडत होती. पोर रडत होतं, मी त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरत होते आणि खिडकीतून तिचं तोंड बघत होते. संध्याकाळी तिने डोक्याला हात लावला. "आई, त्या वाचणाऱ्याने काहीच बघितलं नव्हतं हो!"

"म्हंजे?"

"फाइलीच्या वरच्या ओळीत एक नाव असतं. ही फाइल कोणत्या नियमांची, ते त्याच्यावरून कळतं. स्कीमात तेच नाव लागतं. माझ्याकडून शेवटी एक अक्षर कमी पडलं. मग त्याला या फाइलीसाठी नियमच सापडले नाहीत. नियम नाहीत म्हणून चूक नाही. आला, सगळ्या ओळींवरून हात फिरवला, गेला."

"मंग त्यानं सांगाव ना, का मले नियम भेटले नाहीत म्हून!"

"सांगतो. पण आपण त्याला आधी म्हणावं लागतं की असले इशारेपण मला दे. मी म्हटलं नव्हतं."

मला असा राग आला की काय सांगू. शाळेत तपासणीला साहेब यायचे, ते निदान पाटी हातात घेऊन बघायचे. हा गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याला सगळं ठीक आहे असं धरायचं! मला वाटलं, आपण गप्प बसतो तेव्हा लोकसुद्धा असंच धरत असतील. पण हे मी तिला म्हटलं नाही. तिला चहा करून दिला.

तिने ते अक्षर घातलं आणि पुन्हा चालवलं. आता तो पहिल्याच घरावर अडला. तारखेच्या जागी तारीख नाही म्हणे. बघितलं तर माझ्या चुलत जावेच्या वावरापुढे सुनेने घाईत "मृग" तसंच टाकलं होतं. ते नीट केलं तर पुढच्या ओळीवर अडला, वावराचं माप दशांशात पाहिजे, "एक एकर दहा गुंठे" चालत नाही. ते केलं तर फवारणी पेरणीच्या आधी आली होती, क्रम चुकला. एक चूक सांगायची आणि बंद पडायचं. एक काढली की दुसरी. चूक काढणाऱ्या माणसाने सगळ्या चुका एकदम सांगाव्या, म्हणजे एकदाच काय ते रडून मोकळं होता येतं. सासूबाईंचंही असंच होतं. भाजीत मीठ कमी हे सकाळी सांगायच्या आणि पोळी जाड हे संध्याकाळी.

मग सुनेने त्यात काहीतरी लिहिलं, म्हणजे तो अडला तरी थांबणार नाही, चूक बाजूला टाकेल आणि पुढे जाईल. चालवलं तर पडद्यावर ओळीच ओळी. ती वर सरकवत गेली, सरकवत गेली, आणि हळूहळू तिचा हात थांबला.

"आई, या सगळ्या एकच आहेत."

"कोनत्या?"

"इथे पुन्हा पेरणी अपेक्षित नव्हती. सगळीकडे हेच. प्रत्येक वावराला. स्कीमात पेरणी एकदाच आहे."

मला आधी समजलं नाही. मी म्हणाले, "आपन दोनदा केली ना."

"हो. पण त्यांनी एकच जागा ठेवलीय."

तिने खामगावच्या साहेबांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठा केला. साहेब घाईत होते. मागे मोटारसायकलींचे आवाज.

"सर, या गावात दुबार पेरणी झालीय. स्कीमात एकच तारीख घेतो."

"मग एकच टाका ना मॅडम."

"कोणती?"

"लास्टची टाका. जी उगवली ती."

"पण पहिलीचं बियाणं वेगळं होतं, सर. काही ठिकाणी पहिलीच वाचलीय. स्कीमात तेवढं बदलून मिळालं तर—"

"मॅडम, स्कीमा वरून येतो. तो आपल्या हातात आहे का? बाकीच्या गावांनी टाकली एकेक तारीख. कोणी काही बोललं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, जरा अ‍ॅडजस्ट करा."

फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी तुरीकडे बघितलं. पास झाली तर ती राहणार होती. एक तारीख काढायची आणि पास. त्यात माझं काय जात होतं? पण मला ते मृगातले दिवस आठवत होते, पाठ मोडून गेली होती, आणि करपलेले कोंब बघून माझी जाऊ वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली होती ती उठेनाच. मी म्हणाले, "बायांले विचारून येते. त्याइचं हाय, त्याइले विचारा लागते."

जावेने ऐकलं आणि कमरेवर हात ठेवला. "एकच लिहितो म्हन्ते? अन् पह्यलं बी मातीत गेलं ते काय म्या सपनात पेरलं होतं का व?"

"तसं नाही, त्या कॉम्प्युटरात जागा नाही."

"एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरात माह्या एका पेरनीले जागा नाही! तुही सून शिकली तरी कायले मंग?"

तिचं सुनेवर आलेलं मला आवडलं नाही.  दुसरी एक बाई, अंगणवाडीत स्वयंपाक करते ती, म्हणाली, "जाऊ द्या व काकू. लिहा कोनतीबी. आपला कापूस घेतला म्हंजे झालं." मी परत आले ती सगळ्यांचे टोमणे घेऊन आणि कोणाचंच नीट उत्तर न घेता.

सुनेने मग एक केलं. दुसरी तारीख तारखेच्या जागी ठेवली, आणि पहिली तारीख, पहिलं बी, त्याच ओळीखाली टीप म्हणून लिहिलं. अशी टीप लिहायची वेगळी खूण असते. ती खूण दिसली की वाचणारा ते सोडून पुढे जातो, चूक धरत नाही. "त्याला दिसणार नाही," ती म्हणाली, "पण माणूस उघडून बघेल तेव्हा माणसाला दिसेल."

हे मला फार आवडलं. प्रत्येक वावराखाली तिने ते लिहिलं. मी वाचून सांगत होते, ती लिहीत होती. पोर मध्येच येऊन बटणावर हात आपटत होतं.

फाइल गेली आणि पास झाली. खामगावच्या साहेबांचा फोन आला. छान काम, मॅडम, आता त्या व्यापाऱ्याचा माणूस एकदा गावात येऊन जाईल, मग तालुक्याचं तुमचंच. त्या दिवशी मी भजी केली नाहीत. पण देवाजवळ दिवा लावताना माझं तोंड हसत होतं हे मला कळत होतं.

तो माणूस वेचणीच्या तोंडावर आला. शाळेच्या ओट्यावर बायकांना बोलावलं. चांगला होता बिचारा, वयाने तरुण, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांना ताई ताई म्हणत होता. भिंतीवर त्याने एक मोठं चित्र टांगलं. त्यात हिरवंगार वावर आणि वर ढग. मग तो म्हणाला, "ताईंनो, तुमचं गाव फवारणीत चांगलं आहे. पण एक गोष्ट सुधारायची आहे. तुमच्या गावात पेरणी फार उशिरा होते."

 मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"उशिरा पेरलं की बोंडं उशिरा, आणि अळीला आयतं सापडतं. आजूबाजूची गावं बघा, मृगात पेरतात. तुम्ही पुनर्वसूत! आळस करून चालणार नाही. आमच्याकडे सगळा डेटा आहे."

माझी जाऊ पुढेच बसली होती. "कोनाची उशिरा होते, भाऊ?"

"तुमच्या गावाची, ताई."

"आमच्या गावाची! बाप्पा! मंग मृगात आमच्या वावरात भुतं टोबत होते काय?"

बायका हसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमी तवा आले असते तं तुमालेबी एक तास टोबाले देला असता."

तोही हसला, पण त्याला समजलं नव्हतं. "नाही, नाही, ताई, मी रेकॉर्डवर आहे तेच सांगतोय."

"रेकॉर्ड कोनं देलं तुमाले?" जावेने विचारलं, आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या मागोमाग सगळ्यांनी बघितलं.

मी खांबाला टेकून शेवटी बसले होते. सून पलीकडे दाराशी पोराला घेऊन उभी होती. मी बोलले तर तिची फाइल खोटी ठरणार, काम जाणार, ती जाणार. नाही बोलले तर या बायकांच्या उन्हातल्या पाठीला आळस म्हणतात ते तसंच राहणार, आणि ते लिहिणारा हात माझा.  मला राग येत होता. त्या माणसाचा नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी मला हे असं दोन्हीकडून धरून ठेवलं होतं, त्याचा.

"दोनदा पेरलं होतं," मी म्हणाले.

"काय ताई? ऐकू नाही आलं."

"उठ ना व," जाऊ म्हणाली.

मी उठले. "मृगात पेरलं होतं. सगळ्याइनं. ते करपलं. मंग दुसऱ्यांदा पेरलं. तुमच्यात एकच लिहिता येते, म्हून दुसरं लिहिलं."

तो माणूस मोबाइलवर बघू लागला. "फाइलमध्ये तर तसं काही नाही."

"आहे," सून दारातून म्हणाली. "प्रत्येक नोंदीखाली टीप आहे."

"टीप आमच्या सिस्टिममध्ये येत नाही, मॅडम. फाइल आत घेताना टिपा गळून जातात." मग तो जरा थांबला. "म्हणजे ही फाइल चुकीची आहे का?"

"तुमच्या स्कीमाप्रमाणे बरोबर आहे," ती म्हणाली.

"आणि तशी?"

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. पोराने तिच्या कानातलं ओढलं, ते तिने सोडवून घेतलं. त्या माणसाने मान डोलावली, काहीतरी लिहून घेतलं, चित्र गुंडाळलं. पेरणीचं पुढचं भाषण त्याने केलंच नाही. बायका त्याला म्हणाल्या, चहा घेऊन जा. तो घेऊन गेला.

घरी येताना सून म्हणाली, "बरं झालं बोललात." मला त्याचाही राग आला. माझ्या बोलण्याने तिचं काम गेलं आणि ती मला शाबासकी देते! मी चुलीजवळ जाऊन बसले आणि इतक्या जोरात भाकरी थापल्या की आमच्या घरच्यांनी आत डोकावून विचारलं, "कोनावर?" मी म्हटलं, "तुमच्यावर." ते निमूट गेले.

मग फोन येईना. खामगावचे साहेब उचलेनात. वेचणी सुरू झाली, मी सकाळी वावरात जायची आणि दुपारी परत येऊन बघायची, लॅपटॉप बाजेवर मिटलेला. मुलाचा फोन यायचा तो मला ऐकू यायचा. "मग आता तिथे काय करते? ये ना इकडे." ती म्हणायची, "बघते." एक दिवस तिने पोराचे लहान झालेले कपडे वेगळे काढले आणि चांगले बॅगेत भरले.  बॅगेत जागा राहिली होती तिथे कोपऱ्यात मुगाच्या वड्यांची पिशवी ठेवून दिली, कारण पुण्याला तशा वड्या मिळत नाहीत.

दिवाळी गेली. बॅग तशीच भरलेली होती, तेव्हा साहेबांचा फोन आला. या वेळी मागे मोटारसायकली नव्हत्या. आवाज उतरलेला होता.

"मॅडम, स्कीमा बदललाय."

"कसा?"

"आता पेरणी कितीही वेळा टाकता येते. पण प्रत्येक दुबारला कारण कंपल्सरी आहे. आणि त्यांनी मधले दोन-तीन टॅग इकडचे तिकडे केलेत. आपल्या सगळ्या गावांच्या जुन्या फाइली आता फेल जातायत. सगळ्या."

"सगळ्या गावांच्या?"

"हो ना. ज्यांनी एक एक तारीख टाकली होती त्यांनापण परत विचारावं लागणार. आमच्या इथे कोणाला ते पार्सरचं जमत नाही. तुम्हीच बघा आता. तालुका धरा, पुढचा पण धरा."

सुनेने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. मला हसू येईना. म्हणजे आता पुन्हा सगळ्यांच्या दारात जायचं! ज्यांनी टोमणे मारले त्यांनाच पुन्हा विचारायचं! मी सरळ म्हणाले, "माह्याच्यानं होनार नाही."

ती म्हणाली, "मग मी एकटी कसं करू? पऱ्हाटी उपटून होईपर्यंत तरी लागेल."

वेचून झालेली कपाशीची झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटायला संक्रांत ओलांडते. मी आत गेले, बॅगेतून वड्यांची पिशवी काढली आणि पुन्हा डब्यात भरली.

कारणं पाचच ठेवली होती, त्यातलं एक निवडायचं. पावसाचा खंड, अतिवृष्टी, बियाणं खराब, कीड, जंगली जनावरं. जावेला मी ती वाचून दाखवली. ती म्हणाली, "पाऊस गेला हे खरं. पन बियानंबी हलकं होतं. अन् जे उरलं ते रानडुकरानं खाल्लं. तीनही लिही." शेजारच्या काकू म्हणाल्या, "कारन काय इचारतं? माहं नशीब लिही, त्याले बटन हाय का?" घरी येऊन मी आमच्या वावराचं यांना विचारलं. पुन्हा काऊन पेरलं? ते बैलाला सरकीची ढेप घालत होते. मान वर न करता म्हणाले, "नसतं पेरलं तं खाल्लं काय असतं?"

मला ते पटलं. त्या पाच कारणांमध्ये पहिलं पीक का गेलं तेवढंच होतं. दुसऱ्यांदा का पेरलं, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "हे टाकलं तर तो पहिल्याच ओळीत ओरडेल." आम्ही पावसाचा खंड टाकला.

तिने फाइल चालवली. मी बाजेच्या कडेला बसून बघत होते, कारण आता मला त्या ओळी ओळखू यायला लागल्या होत्या. पडद्यावर लाल ओळ आली.

"कोनाचं?" मी विचारलं.

"तुमच्या जाऊबाईंचं. तीन कारणं टाकलीत आपण."

"तिनं तीनच सांगतले."

"एकच चालतं, आई."

"मंग तिलेच विचारा लागते," मी म्हणाले. मग उठून चपला घातल्या. सून म्हणाली, "थांबा, मीपण येते," आणि तिने पोराला कडेवर घेतलं.